दर दुसऱ्या रविवारी टँक धुता आणि बुधवारपर्यंत गप्पी मरतात?

भाचा सहावीत आहे. मंगळवारी संध्याकाळी त्याचा फोन आला की पहिलं वाक्य मला पाठ झालं होतं: "मामा, अजून दोन गेले."

ताईकडे पुण्यात कर्वेनगरला हॉलमध्ये माशांचा दोन फुटी टँक आहे. सुरुवातीला दहा-बारा गप्पी, सहा निऑन टेट्रा, तळाशी निळे-पांढरे खडे, एक प्लॅस्टिकचा किल्ला आणि कोपऱ्यात मोटरवाला काळा फिल्टर. जून ते ऑक्टोबर या काळात त्या टँकमध्ये तीसेक मासे आले आणि सात उरले. दुकानदाराने प्रत्येक वेळी नवी बाटली दिली. आधी निळी, मग पिवळी, मग "हे टाका, सगळे रोग जातात" म्हणून हिरवी. ताईने तिच्या पद्धतीने निदान केलं होतं: "आपल्याला मासे लाभत नाहीत."

उत्तर सापडलं ते भाच्याच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर. पोरगा नोंदी ठेवतो. "केशरी शेपटी, मंगळ, शाळेतून आल्यावर." "निऑन, बुध, सकाळी, फिल्टरच्या मागे." अशा सतरा नोंदी होत्या. मी मोबाईलमध्ये कॅलेंडर उघडून शेजारी ठेवलं. सतरापैकी चौदा मासे मंगळ, बुध, गुरुवारी गेलेले. आणि तेही दर आठवड्याला नाही, एक आठवडा सोडून.

"एक आड एक रविवारी इथे काय असतं?" मी विचारलं.

ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय असणार? हे टँक धुतात."

दाजी टँक धुतात म्हणजे कसा धुतात ते सांगतो, कारण बहुतेक घरांत तो असाच धुतला जातो. मासे जाळीने काढून बादलीत. पाणी सगळं मोरीत. खडे पातेल्यात घेऊन तांदूळ धुतल्यासारखे, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. काचेला स्क्रबर. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून, पिळून, पुन्हा धरून, पांढराशुभ्र होईपर्यंत. मग नळाचं ताजं पाणी, त्यात निळे थेंब, आणि मासे परत आत. रविवारी दुपारी टँक आरशासारखा चमकतो, सगळे कौतुक करतात. मासेही ठीक दिसतात. सोमवारीही ठीक. मंगळवारी एक गप्पी पाण्याच्या वरच्या थराशी तोंड उघडझाप करत राहतो.

तर गोष्ट अशी आहे. मासा जे खातो त्यातला बराचसा नायट्रोजन तो अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो, आणि तोही मुख्यतः कल्ल्यांतून, चोवीस तास. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. अमोनिया विषारी आहे. टँकमध्ये तो साठत नाही याचं श्रेय जिवाणूंना. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, पण नायट्रेट बऱ्याच प्रमाणापर्यंत मासे सहन करतात आणि पाणी बदललं की ते निघून जातं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नसतात, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात: स्पंजच्या छिद्रांत, खड्यांवर, काचेवरच्या बुळबुळीत थरात. म्हणजे दाजी दर दुसऱ्या रविवारी जे घासून, पिळून, क्लोरीनच्या पाण्याने धुऊन काढत होते ती घाण नव्हती, टँकचं मूत्रपिंड होतं.

आणि हे जिवाणू दही लागावं तसे रात्रीत वाढत नाहीत. अनुकूल परिस्थितीतही त्यांची संख्या दुप्पट व्हायला साधारण एक दिवस लागतो. नव्या टँकमध्ये पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे जातात. दाजी दर चौदा दिवसांनी गाडी पुन्हा शून्यावर आणत होते.

थोडा हिशेब मांडू, कारण "एवढ्याशा माशांनी काय होतंय" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट टँक म्हणजे काठोकाठ ५६ लिटर. खडे आणि वरची रिकामी जागा वजा केली की पाणी भरतं ४५ लिटरच्या आसपास. मत्स्यशेतीत ढोबळ अंदाज असा धरतात की एक किलो खाद्यामागे साधारण ३० ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. म्हणजे एका ग्रॅमला ३० मिलिग्रॅम. भाचा सकाळी एक चिमूट टाकायचा, आजी दुपारी एक, दाजी ऑफिसातून आल्यावर एक. दिवसाला ग्रॅमभर सहज होतं. ४५ लिटरमध्ये ३० मिलिग्रॅम म्हणजे लिटरमागे पाऊण मिलिग्रॅमच्या जवळ, रोज. धुतलेल्या टँकमध्ये ते पचवायला कोणी नाही. रविवार, सोमवार, मंगळवार: दोन मिलिग्रॅम झाले. आता वहीतल्या तारखा पुन्हा बघा.

यातला सगळाच अमोनिया सारखा घातक नसतो. पाण्यात त्याची दोन रूपं असतात, अमोनियम आणि मुक्त अमोनिया, आणि खरं विष दुसरं. पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते दाखवणारा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), ७ असेल आणि पाणी २५ अंशांवर असेल तर मुक्त अमोनिया एकूणच्या एक टक्क्याहून कमी असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या पुढे जातो. त्यामुळे एकाच चुकीने एका घरी मासे मरतात आणि शेजारच्या घरी फक्त सुस्तावतात. "आम्ही पण असंच धुतो, आमचे तर काही मरत नाहीत" असं सांगणारा भेटला की त्याच्या पाण्याचा पीएच विचारा.

इथे हमखास एक प्रश्न येतो. पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं ना! दाजींनी मला आरओसोबत आलेला टीडीएस मीटर बुडवून दाखवला. "बघ, ११०. प्यायलाही चालेल." टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतो. दोन मिलिग्रॅम अमोनिया त्याला दिसतच नाही, आणि डोळ्यांनाही नाही. त्यासाठी थेंबांचं टेस्ट किट लागतं: काचेच्या नळीत पाणी, त्यात मोजून थेंब, पाच-दहा मिनिटांनी रंग बघायचा. त्यात पिवळा म्हणजे ठीक आणि हिरवा म्हणजे अडचण. पट्टीचं किट स्वस्त मिळतं, पण बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाची चौकटच नसते, घेताना पाहून घ्या. किल्ला, रंगीत खडे आणि हिरवी बाटली यांच्या पैशांत हे किट येऊन वर उरतात. पहिल्या खरेदीत हेच आणायला हवं, आणि कोणताही दुकानदार हे आपणहून देत नाही.

मंगळवारी रात्री मी ताईकडे किट घेऊन गेलो. रंग हिरवागार.

आता उपाय. मासे तडफडत असताना जे करायचं ते पहिलं.

खाणं बंद. दोन दिवस पूर्ण बंद, मग दिवसाला एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. गप्पी भुकेलेला दिसतो, तो कायमच भुकेलेला दिसतो, त्याच्या चेहऱ्याकडे बघून वाढायचं नाही. रोज पाव ते तीस टक्के पाणी बदलायचं, म्हणजे या टँकमध्ये दहा-बारा लिटर, अर्ध्याहून थोडी जास्त बादली. पाणी क्लोरीन काढलेलं आणि टँकमधल्या पाण्याइतकंच कोमट किंवा गार. एअर पंप असेल तर चालू, नसेल तर फिल्टरचं तोंड असं फिरवायचं की पाण्याचा पृष्ठभाग सतत हलत राहील. आणि फिल्टरला हात लावायचा नाही. अजिबात.

नवे मासे आणायचे नाहीत हे वेगळं सांगावं लागतं, कारण शनिवारी "रिकामं रिकामं वाटतंय" म्हणून दाजी सहा गप्पी घेऊन आलेच असते. ताईने गाडीची किल्ली लपवली म्हणे.

आठवड्याभराने अमोनिया उतरू लागला की हुरळून जाऊ नका. मधला टप्पा नायट्राइटचा. नायट्राइट माशाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन निकामी करतं, रक्त तपकिरी होतं आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. यावर साध्या मिठाचा खरोखर उपयोग होतो, कारण मिठातलं क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटला आत शिरू देत नाही. ४५ लिटरला चहाचा एक सपाट चमचा मीठ पुरतं, आधी मगभर टँकच्या पाण्यात विरघळवून. "मूठभर मीठ टाका, सगळं बरं होतं" हा दुकानी सल्ला याचाच अतिरेक आहे. गप्पी मूठभर मीठ सहन करेलही, निऑन करणार नाही.

माझ्याकडे दहा वर्षं चाललेला टँक आहे. त्यातल्या स्पंजचा अर्धा तुकडा कापून, ओला ठेवून, डब्यातून नेला आणि ताईच्या फिल्टरमध्ये कोंबला. तुमच्या ओळखीत जुना, निरोगी टँक असलेला कोणी असेल तर हे विरजण मागून घ्या. सहा आठवड्यांचं काम दोन-तीन आठवड्यांत होतं. त्या टँकमध्ये नुकताच रोग येऊन गेला नाही ना, एवढं विचारायला लाजू नका. बाटलीतले जिवाणूही विकत मिळतात. काही चालतात, काही बाटल्या उन्हात वाहतुकीत मेलेल्या असतात. भरवसा ठेवून फिल्टर धुऊ नका इतकंच म्हणेन.

चौथ्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले. त्यानंतरची साफसफाई अशी: आठवड्यातून एकदा नळीने तळाची घाण ओढत दहा-बारा लिटर पाणी काढायचं. काचेला आतून शेवाळ आलं असेल तर फक्त समोरची काच पुसायची, बाकीचं शेवाळ राहू दे. फिल्टरचा झोत मंदावला तरच स्पंज काढायचा, आणि तोही नळाखाली न धरता, टँकमधून काढलेल्या त्याच पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा दाबायचा. तो तपकिरीच राहतो. तपकिरीच राहायला हवा. यावर दाजींशी माझं जवळजवळ भांडण झालं. त्यांच्या मते हे अर्धवट काम. "इतका घाण स्पंज परत आत टाकायचा?" होय, दाजी.

क्लोरीनबद्दल दोन वाक्यं. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा, आणि पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे मात्रा बहुतेक ठिकाणी वाढवतात. माणसाला तो वाचवतो, माशाचे कल्ले भाजतो. बादली उघडी ठेवून चोवीस तास थांबलात किंवा रात्रभर एअर स्टोन (एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा दगड) सोडलात की तो उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे खडे, जुन्या फोटोग्राफरांचं "हायपो", दुकानात अँटिक्लोरीन म्हणून मिळतात. वीस लिटरच्या बादलीला तांदळाच्या पाच-सहा दाण्यांएवढे पुरतात, दोन-चार जास्त पडले तरी मासे मरत नाहीत. मात्र ते पाणी टँकमध्ये ओतण्याआधी टाकायचे. आधी पाणी ओतून मग वरून थेंब सोडण्यात काय अर्थ?

इथपर्यंत ताईचा टँक. पण सगळ्यांचे मासे मंगळवारीच मरतात असं नाही, म्हणून मला कोणी विचारलं की मी पहिल्यांदा हेच विचारतो: कधी मेला? पाणी बदलल्यावर किती वेळाने? दिवसाच्या कोणत्या वेळी? एकेक की घोळक्याने?

पाणी बदलल्यावर तासाभरात ते त्याच दिवशी रात्रीपर्यंत गेले, तर अमोनिया साठायला वेळच मिळालेला नसतो. क्लोरीन राहिला असेल किंवा तापमानाचा धक्का असेल. डिसेंबरात पुण्याच्या गच्चीवरच्या टाकीतून सकाळी येणारं पाणी किती गार असतं ते ब्रश करताना कळतंच. आत २५ अंश आणि ओतलेलं १७ अंश, तेही अर्धा टँक, तर निऑन बाजूला कलंडतो.

आणखी एक प्रकार आहे, फार चकवणारा, आणि तो आळशी माणसांच्या बाबतीत होतो, म्हणजे माझ्या. चार महिने पाणी बदललं नाही, फक्त उडालेलं भरत राहिलो. मासे मजेत. मग पाहुणे यायचे म्हणून एका सकाळी ऐंशी टक्के पाणी बदललं, क्लोरीन नीट काढून, तापमान जुळवून. संध्याकाळपर्यंत निम्मे मासे गेले. मला तेव्हा वाटलं, नळाच्या पाण्यातच काहीतरी आलं. खरं असं घडलेलं: जिवाणू अमोनियाचं रूपांतर करताना आम्ल तयार करतात आणि ते पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल शोषून पीएच स्थिर ठेवण्याची ताकद, खात राहतं. आमचं धरणाचं पाणी मृदू, त्यात क्षारता मुळातच कमी. ती संपली की पीएच घसरून सहापर्यंत येतो. तिथे जिवाणूंचं काम जवळपास थांबतं आणि अमोनिया साठू लागतो, पण इतक्या कमी पीएचला तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या, म्हणजे निरुपद्रवी रूपात असतो. मासे हळूहळू सरावतात. मग तुम्ही ताजं पाणी ओतता, पीएच एकदम साडेसातला जातो, आणि साठलेल्या अमोनियमचा एक हिस्सा मुक्त अमोनिया होऊन बसतो. स्वच्छ पाण्यानेच घात केला असं वाटतं ते यामुळे. बरेच महिने पाणी बदललं नसेल तर आज दहा टक्के, परवा दहा टक्के, अशी दोन-तीन आठवडे सावकाश वाट धरा.

पहाटे मासे वर येऊन तोंड मारत असतील आणि दुपारी ठीक असतील, तर प्राणवायू कमी पडतोय. रात्री वनस्पती आणि शेवाळही प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाट सर्वांत वाईट. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३२ अंशांना सव्वासातच्या आसपास. आणि गरम पाण्यात माशाला तो लागतो जास्त. एप्रिल-मे महिन्यात नागपूर-जळगावकडच्या लोकांनी झाकण उघडून टँकवर टेबलफॅन लावावा, पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. बाष्पीभवनाने पातळी खाली जाईल, ती रोज भरावी लागेल.

लोडशेडिंगचा वेगळा मुद्दा आहे. वीज गेल्यावर चार-पाच तास मासे तग धरतात, टँक खचाखच नसेल तर. पण बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी साचून राहतं, आतला प्राणवायू जिवाणूच संपवतात आणि मग गुदमरून मरतात. वीज आली की तो सगळा कुजका काढा टँकमध्ये. पाच-सहा तासांहून जास्त वेळ वीज नसेल तर फिल्टर उघडून आतलं पाणी फेका, मगच चालू करा. साधा स्पंज फिल्टर उघडाच असतो, त्याला ही भीती कमी. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असू द्या.

एकेक मासा, चार-पाच दिवसांच्या अंतराने, पाण्याशी काही संबंध नसताना जात असेल तर रोग पाहा. अंगावर रव्याचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके आणि मासा खड्यांवर अंग घासतोय, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. ठिपक्यांतला परजीवी माशाच्या त्वचेखाली असेपर्यंत औषध त्याला गाठत नाही. तो तळाला पडून फुटतो, शेकडो पिल्लं पाण्यात सुटतात, तेव्हाच ती मरतात. म्हणून ठिपके गेले की तिसऱ्या दिवशी औषध बंद करणाऱ्यांकडे हा रोग दर पंधरा दिवसांनी परत येतो. ठिपके दिसेनासे झाल्यावरही आठवडाभर औषध चालू ठेवायचं, पाणी हळूहळू ३० अंशांवर न्यायचं, हवा वाढवायची, आणि निऑन असतील तर लेबलवरच्या मात्रेच्या निम्म्यानेच सुरुवात. निऑनचा लाल-निळा पट्टा मध्येच पांढुरका पडत चालला आणि मासा थव्यापासून अलग राहू लागला, तर तो बहुधा निऑन टेट्रा रोग. त्याला औषध नाही. तो मासा लगेच वेगळा करा, मेलेला टँकमध्ये राहू देऊ नका, इतर मासे तो खातात आणि रोग पुढे जातो.

आणि कधी कधी काहीच चुकलेलं नसतं. गप्पी दोन-तीन वर्षं जगतो. दुकानात मोठी झालर-शेपटी मिरवणारा नर आधीच सहा-आठ महिन्यांचा असतो. वर्षभराने तो म्हातारा होऊन गेला तर दाजींना दोष देऊ नका.

पाण्याचा उगम हा अजून एक विषय सोसायटीत राहणाऱ्यांना त्रास देतो. पुण्या-मुंबईचं धरणाचं पाणी मृदू. दख्खनच्या बेसॉल्टमधून येणारं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं. उन्हाळ्यात पाणीकपात सुरू झाली की सोसायटी टँकर मागवते, टँकर विहिरीचा की बोअरचा ते कोणालाच ठाऊक नसतं, आणि गच्चीवरच्या टाकीत सगळं एकत्र होतं. तुम्ही नेहमीसारखं पाव टँक पाणी बदलता, पण ते नेहमीचं पाणी नसतं. इथे मात्र दाजींचा टीडीएस मीटर कामाला येतो. बादलीचा आकडा टँकच्या आकड्याच्या दुप्पट दिसला तर त्या आठवड्यात पाणी थोडं थोडं बदला. सोसायटीची टाकी धुऊन ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर दोन दिवस त्या पाण्याला हातच लावू नका. वॉचमनकाकांना विचारून ठेवा, कमिटीपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

यावरून गप्पी आणि निऑन एकत्र ठेवावेत का, हेही ठरवता येतं. निऑन मुळचा पश्चिम ॲमेझॉनच्या मऊ, किंचित आम्लधर्मी, सावलीतल्या पाण्याचा. शास्त्रीय नाव त्याला १९३६ मध्ये मिळालं. गप्पी त्रिनिदाद आणि व्हेनेझुएलाकडचा, त्याला जड पाणी मानवतं. बोअरचं पाणी असेल तर सरळ गप्पी, प्लॅटी, मॉली ठेवा. धरणाचं असेल तर निऑन ठेवा. दोन्ही एकत्र ठेवले तर जगतात, पण दोघांपैकी एकाची तब्येत कायम नाजूक राहते. निऑन ठेवायचेच तर आठ-दहांचा थवा, आणि टँक निदान दोन महिने चाललेला हवा. नव्या टँकमध्ये पहिल्या दिवशी निऑन सोडणं म्हणजे त्यांना मारायला आणणं. मी स्वतः पहिल्या वर्षी अकरा मारलेत.

ताईच्या सासूबाईंनी मात्र मला निरुत्तर करणारा प्रश्न विचारला होता. "अहो, हे गप्पी महानगरपालिकावाले डासांसाठी हौदात, गटारात सोडतात. तिथे यांना कोण पाणी बदलून देतं?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्रिनिदादमधल्या लेशमेर गप्पींच्या नावावरून १८६६ मध्ये ज्याचं नाव पडलं तो हा मासा हिवतापाच्या कामासाठी भारतात येऊन शंभरहून जास्त वर्षं झाली, आणि त्याची वर वळलेली जिवणी पृष्ठभागाजवळचं थोडंसं प्राणवायूवालं पाणी ओढायला बनलेली आहे. पण हौदात हजारो लिटर पाणी असतं, भिंतींवर बोटभर शेवाळ आणि जिवाणूंचा थर असतो, तो कोणी घासत नाही, आणि दिवसातून तीनदा लाल दाणे टाकायला आजी नसते. शिवाय तिथला गप्पी राखाडी, आखूड शेपटीचा, टणक. दुकानातला पिढ्यान् पिढ्या फक्त रंग आणि शेपटी पाहून नात्यातल्या नात्यात वाढवलेला. दोघांचं आडनाव एक, एवढंच.

नवीन मासे आणाल तेव्हा पिशवी पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी कपभर टँकचं पाणी पिशवीत, अर्धा तास. मासे जाळीने उचलून सोडा, दुकानाचं पाणी टँकमध्ये ओतू नका. त्याआधी वीस लिटरचा वेगळा टब आणि छोटा स्पंज फिल्टर घेऊन दोन-तीन आठवडे त्यातच ठेवता आले तर उत्तम. आपल्या घरांत जागा कुठली, हे मान्य आहे. ताईने टब देवघराच्या खालच्या कप्प्यात बसवला.

त्या टँकमध्ये आता वेगळीच अडचण आहे. गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी वीस-पंचवीस, कधी त्याहून जास्त पिल्लं घालते, आणि नर काढून टाकला तरी पुढचे काही महिने घालत राहते. सातांचे चाळीस झालेत. जिवाणू वाढत्या संख्येला जुळवून घेतात, पण ४५ लिटरला मर्यादा आहे आणि भार वाढला की तेच मंगळवार परत येतील. भाच्याने वर्गात यादी केली आहे, प्रत्येकाला चार. सोबत वहीतलं एक पान झेरॉक्स करून देतो, त्यावर पहिली ओळ: "स्पंज धुऊ नये."

जाता जाता गणपतीचं सांगतो, कारण गेल्या वर्षी सातातले दोन तेव्हाच गेले असते. ताईकडचे सगळे आठ दिवस चिपळूणला जातात आणि खाण्याचा डबा शेजारच्या काकूंकडे असतो. काकू मायाळू आहेत. त्यांनी तिसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, "मासे काच वाजवली की धावत येतात हो, बिचारे उपाशी." तोवर अर्धा डबा संपला होता. मोठे, निरोगी गप्पी आठवडाभर काही न खाता राहतात, शेवाळ टोचत बसतात. पिल्लं आहेत म्हणून यंदा औषधाच्या पुड्यांसारख्या पुड्या बांधल्या आहेत: दोन दिवसांनी एक, अशा चार, प्रत्येकीत नखावर मावेल एवढं. डबा ताईने गावाला जाताना बॅगेत टाकला.